नांगर आणि नांव

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशीं, संग्रामपूर तालुक्यांत सोनाळा नांवाचें गांव आहे. संत सोनाजी महाराजांच्या यात्रेमुळें तें पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे. गांवाच्या पाठीशीं डोंगर आणि अरण्य. पुढें पूर्णा नदीच्या खोऱ्याकडे उतरत गेलेला कपाशीचा मुलूख. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचा स्वभाव ज्याला ठाऊक आहे त्याला हेंहि ठाऊक असतें कीं, येथल्या जुन्या शेतीचें मुख्य औत नांगर नव्हे, तर वखर होय. उन्हाळ्यांत ही जमीन तापून भेगाळते, पावसानें फुगते, आणि एका अर्थी आपली आपणच उलथापालथ करून घेते. म्हणून नांगर शेतांत जाई तो कांहीं वर्षांनीं एकदां, कुंदा किंवा हरळी माजून पीक गुदमरूं लागलें म्हणजे. एरव्हीं वखरानें वरचा थर मोकळा केला कीं काम भागत असे.

अशा मुलखांत शेंकडों मैलांवरच्या एखाद्या लहानशा कारखान्याचें नांव शेतकऱ्याच्या कानांवर पडावें, हळूहळू तें त्याच्या ओळखीचें व्हावें, आणि अखेर त्या नांवावर विसंबून त्यानें गांठीचे रुपये मोजावे, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाहीं. १९२१ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानांत लिहितां-वाचतां येणारीं माणसें शेंकडा सुमारें सातच होतीं. वर्तमानपत्र खेड्यांत पोंचत नव्हतें, आणि पोंचलें तरी तें वाचणारा दुर्मिळ होता. मग लहान कारखानदारानें आपलें नांव पेरावें तरी कोठें? या प्रश्नाला महाराष्ट्रांत मिळालेलें सर्वांत विचारपूर्वक उत्तर म्हणजे किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आणि त्या नांगराच्या मागोमाग निघालेलें एक मासिक होय. त्या उत्तराचा इतिहास पाहिला म्हणजे जाहिरात या गोष्टीचें सामर्थ्य कळतें, तशी तिची मर्यादाहि कळते.

जुन्या गांवगाड्यांत जाहिरातीला जागाच नव्हती. नांगर घडविणारा सुतार आणि फाळ शेवटणारा लोहार हे दोघेहि बलुतेदार. त्यांचीं घरें शेतकऱ्याच्या घरापासून हांकेच्या अंतरावर असत. औत मोडलें तर ज्यानें तें केलें त्याच्याच अंगणांत तें नेऊन टाकावयाचें, आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर त्याचें बलुतें मापून द्यावयाचें, असा तो व्यवहार होता. वस्तूवर करणाऱ्याचें नांव कोरण्याचें कारण नव्हतें. करणाऱ्याचा चेहरा हीच त्याची छाप होती. करणारा आणि वापरणारा एकमेकांना दिसेनासे झाले, त्यांच्यामध्यें आगगाडी, अडत्या आणि दुकानदार आले, तेव्हां प्रथम नांवाची गरज भासूं लागली. न पाहिलेल्या माणसाच्या चेहऱ्याचें काम नांवानें करावयाचें, आणि त्या नांवाची ओळख करून देण्याचें काम जाहिरातीनें करावयाचें, असा हा क्रम आहे. ‘बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहूं विकत नाहींत’ या अर्थाची आपल्याकडे एक म्हण आहे. परंतु ती बाजारांतल्या समोरासमोरच्या बोलण्याविषयीं आहे. दूरच्या माणसाशीं बोलावयाचें कसें, हें त्या म्हणींत सांगितलेलें नाहीं.

लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकार व्हावें या इच्छेनें ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकावयास गेले. परंतु कांहीं रंग आपल्या डोळ्यांना नीट ओळखूं येत नाहींत असें आढळल्यावर त्यांनीं रंगांचा नाद सोडला आणि यंत्रांच्या आकृति काढण्याची विद्या हस्तगत केली. पुढें मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें त्यांनीं शिक्षकाचें काम केलें. याच काळांत, १८८८ सालीं, किर्लोस्कर बंधूंनीं बेळगांवास सायकलींचा लहानसा व्यापार सुरू केला. लक्ष्मणरावांचे बंधु रामूअण्णा सायकल विकीत आणि ती चालवावयासहि शिकवीत. ही गोष्ट बारीक दिसली तरी महत्त्वाची आहे. ज्या गांवांत सायकल कोणीं पाहिली नाहीं तेथें ती नुसती टांगून ठेवून खपत नाहीं. घेणाऱ्याला तिच्यावर बसवावें लागतें. नवीन माल विकणें म्हणजे थोडेंसें शिकविणें आहे, हा धडा या घराण्याला पहिल्याच दुकानांत मिळाला, आणि पुढील साठ वर्षें तो त्यांच्या उपयोगीं पडला.

सायकलींपाठोपाठ कडबा कापण्याचीं यंत्रें आलीं, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर आला. इंग्लंडांतील इप्स्विच येथल्या रॅन्सम कंपनीचे नांगर त्या वेळीं हिंदुस्थानांत येत असत. ती कंपनी १७८९ पासूनची. तिच्या संस्थापकानें १८०३ सालींच आपोआप धार राहणाऱ्या ओतीव फाळाचें पेटंट मिळविलें होतें. अशा शंभर वर्षांच्या मुरलेल्या नांवासमोर बेळगांवच्या एका छपरांत तयार झालेला नांगर उभा करावयाचा होता. पण खरी अडचण रॅन्समची नव्हती. शेतकऱ्याची समजूत अशी होती कीं, लोखंड जमिनींत घातलें म्हणजे जमिनीला विष चढतें आणि तिचा कस जातो. पहिला नांगर विकावयास लक्ष्मणरावांना दोन वर्षें लागलीं, असें त्या कारखान्याच्या इतिहासांत सांगितलें जातें.

या समजुतीला हंसण्याचा मोह सुशिक्षितांना होतो. परंतु ती समजूत कांहीं एकट्या मराठी शेतकऱ्याची नव्हती. अमेरिकेंत न्यू जर्सी येथल्या चार्ल्स न्यूबोल्ड यानें १७९७ सालीं ओतीव लोखंडाच्या नांगराचें पेटंट घेतलें, तेव्हां तेथल्या गोऱ्या शेतकऱ्यांनींहि हेंच म्हटलें होतें कीं, लोखंडानें माती नासते आणि तण माजतें. दोन खंडांतल्या, एकमेकांची भाषाहि न जाणणाऱ्या शेतकऱ्यांनीं एकच आक्षेप घ्यावा, याचा अर्थ त्या आक्षेपाच्या पोटांत कांहीं तरी सयुक्तिक दडलेलें असलें पाहिजे. लोखंडी नांगर जड. त्याला बैल अधिक लागत. तो खोल जाई, आणि खालची न कसलेली माती वर आली म्हणजे पहिल्या वर्षीं पीक उतरण्याचा संभव असे. लांकडी नांगराची किंमत पुष्कळशी धान्यांत भागे. याची रोकड मोजावी लागे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे फाळ झिजला किंवा मोडला तर तो गांवच्या लोहाराच्या हातचा नव्हे. ऐन हंगामांत परगांवाहून फाळ येईपर्यंत शेत पडून राहिलें तर त्याची भरपाई कोण करणार? ‘विष चढतें’ हे दोनच शब्द शेतकरी बोलत असे. परंतु त्यांच्यामागें हे सगळे हिशेब होते. जो विक्रेता त्या दोन शब्दांचेंच खंडन करीत बसेल त्याचा नांगर खपणार नाहीं. ज्याला मागचे हिशेब दिसतील त्याचा खपेल.

किर्लोस्करांना ते दिसले. त्यांचा नांगर या मातीला आणि या बैलांना मानवेल असा करण्याकडे त्यांनीं लक्ष दिलें. शेतीचीं हत्यारें येथल्या वापरणाऱ्याला सोयीचीं असलीं पाहिजेत, हा लक्ष्मणरावांचा आग्रह होता. जाहिरातीच्या इतिहासांत ही गोष्ट आधीं सांगावी लागते, कारण जाहिरात मालाच्या मागून चालते. माल लंगडा असेल तर जाहिरात त्याला कांहीं पावलें ओढून नेईल, पण गांवाच्या वेशीपलीकडे नेऊं शकणार नाहीं.

धंदा जरा मूळ धरूं लागला तोंच बेळगांवची जागा सोडण्याची पाळी आली. शहराची वस्ती वाढवावयाची म्हणून नगरपालिकेला ती जागा हवी होती. लहान कारखान्याला असा धक्का प्राणांतिक ठरतो; यंत्रें हलवितां येतात, पण जमविलेलें गिऱ्हाईक आणि माहीत झालेला पत्ता हलवितां येत नाहीं. या वेळीं औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळची माळजमीन आणि दहा हजार रुपयांचें बिनव्याजी कर्ज देऊं केलें. सुमारें ३२ एकरांचा तो माळ. निवडुंगानें भरलेला आणि नागांनीं वसविलेला. तेथें १९१० सालीं किर्लोस्करवाडी उभी राहिली.

वाडीला कारखान्याचें नांव मिळालें, आणि पुढें कुंडल रोड या स्टेशनाचेंहि नांव बदलून किर्लोस्करवाडी झालें. या घटनेकडे जाहिरातीच्या दृष्टीनें पाहिलें तर मोठी मौज दिसते. आगगाडीच्या वेळापत्रकांत, तिकिटावर, मालाच्या पावतीवर, फलाटावरच्या पाटीवर एका कारखान्याचें नांव छापलें जाऊं लागलें. ज्या प्रवाशाला नांगराशीं कांहीं कर्तव्य नव्हतें त्यालाहि खिडकींतून तें नांव दिसे. पैसे मोजून अशी जाहिरात मिळत नाहीं. ती वस्ती करून, दिवे लावून, झाडें वाढवून मिळवावी लागते. औंध संस्थानच्याच आश्रयानें पुढें १९१६ सालीं कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कांच कारखाना निघाला, आणि त्याच्या वस्तीलाहि ओगलेवाडी हेंच नांव पडलें. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील मराठी घरोघर गेला. एका चिमुकल्या संस्थानांत दोन लहान कारखान्यांचीं दोन गांवें व्हावीं, हा त्या संस्थानाचा मोठा गौरव आहे.

इतकें झालें तरी नांव दूरवर पोंचविण्याचा प्रश्न उरलाच. त्या काळीं मराठी वर्तमानपत्रांत जाहिरातींना तोटा नव्हता. ‘दर्पण’ १८३२ सालीं आणि ‘केसरी’ १८८१ सालीं निघाला. १९०५ सालीं गिरगांवांत बी. दत्ताराम आणि कंपनी ही जाहिरातींचें काम करणारी संस्थाहि निघाली होती. त्याच सालच्या वंगभंगानंतर स्वदेशीची चळवळ उसळली आणि देशी मालाच्या नांवामागें एक भावना उभी राहिली. परंतु त्या सुमाराच्या वृत्तपत्रांचीं पानें चाळलीं तर जागा अडविणारा माल बहुतेक औषधांचा दिसतो. एकाच बाटलींत सतरा रोगांचा नाश, एकाच तेलानें टकलावर केंस, एकाच गोळीनें गेलेलें तारुण्य परत! अशा शेजाराला नांगराची जाहिरात बसवावयाची म्हणजे खरें बोलणाऱ्यानें खोटें बोलणाऱ्यांच्या रांगेंत उभें राहण्यासारखें होतें. वाचकानें सगळ्यांनाच एका मापानें मोजावें यांत त्याचा दोष नव्हता. स्वदेशीच्या भावनेवरहि फार काळ विसंबतां येत नव्हतें. देशाभिमानानें माणूस एकदां आगपेटी घेईल. परंतु दोन बैलजोड्या ज्याच्यामागें अडकावयाच्या तो नांगर तो केवळ अभिमानानें घेणार नाहीं.

येथें या कथेंतील दुसरा पुरुष पुढें येतो. शंकर वासुदेव किर्लोस्कर, महाराष्ट्राला परिचित असलेले शं. वा. कि., हे लक्ष्मणरावांचे पुतणे. त्यांचा जन्म १८९१ चा. चुलत्याप्रमाणें त्यांनाहि चित्रकलेची ओढ होती, आणि त्यांच्या डोळ्यांना रंग दगा देत नव्हते. लाहोर येथें श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्याजवळ त्यांनीं चित्रकलेचें शिक्षण घेतलें. किर्लोस्करवाडीस आल्यावर जाहिरातीचें काम त्यांच्याकडे गेलें. ज्या घरांत एकाची चित्रकला यंत्राच्या आकृतींत रूपांतर पावली, त्याच घरांत दुसऱ्याची चित्रकला त्या यंत्राची कीर्ति सांगूं लागली.

शंकररावांनीं ओळखलें कीं, दुसऱ्याच्या पानावर चार बोटें जागा विकत घेण्यापेक्षां आपलेंच पान काढावें. पाश्चात्य देशांत ही कल्पना रुजलेली होती. अमेरिकेंतील जॉन डीअर या नांगरांच्याच कंपनीनें १८९५ सालीं ‘द फरो’ म्हणजे ‘तास’ या अर्थाचें शेतकऱ्यांसाठीं पत्र काढलें होतें, आणि मोटारीच्या फोर्ड कंपनीचें ‘फोर्ड टाइम्स’ १९०८ पासून निघत होतें. परंतु त्या बलाढ्य कंपन्या होत्या. जो कारखाना दहा वर्षांपूर्वी निवडुंगाच्या माळावर उभा राहिला, त्यानें छापखान्याचा आणि टपालाचा खर्च अंगावर घेणें हें साहसच होतें. जानेवारी १९२० मध्यें ‘किर्लोस्कर खबर’ या नांवानें तें पत्र निघालें. किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित जबाबदारीची कंपनी म्हणून नोंदली गेली तीहि १९२० सालींच. भांडवलासाठीं लोकांपुढें येणें आणि लेखणी घेऊन लोकांपुढें येणें या दोन्ही गोष्टी एकाच वर्षीं घडल्या.

‘खबर’ हें आरंभीं कारखान्याचें, त्याच्या गिऱ्हाइकांचें आणि अडत्यांचें पत्र होतें. अशा पत्राचा उपयोग काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे. वर्तमानपत्रांतली जाहिरात एकदां ओरडते आणि गप्प बसते. पत्र महिन्याच्या महिन्याला दारीं येतें. त्यांत नांगर कसा लावावा, पात कशी धरावी, फाळ केव्हां बदलावा हें सांगतां येतें. म्हणजे सायकलीवर बसविण्याचें जें काम रामूअण्णा बेळगांवांत हातानें करीत, तेंच काम दूरच्या माणसासाठीं आतां छापील अक्षर करूं शकत होतें. शिवाय अडत्याच्या हातीं पत्र असलें म्हणजे त्याचीहि पत वाढते. ज्या गांवीं दहांत एकालाहि वाचतां येत नाहीं तेथें तो एकजण पारावर बसून इतरांना वाचून दाखवितो. चित्र तर सर्वांनाच वाचतां येतें. शंकरराव स्वतः चित्रकार होते, ही गोष्ट येथें अतिशय मोलाची ठरली.

याच्याहून मोठी गोष्ट पुढें घडली. पत्रानें आपल्या नांगराचें गुणगान करतां करतां उद्योग, स्वावलंबन, नवीं यंत्रें, परदेशांतील धंद्यांच्या कथा असे विषय घेतले. मग आरोग्य, शिक्षण, स्त्रियांचे प्रश्न, कथा, कादंबऱ्या आणि रूढींवरची टीका हेंहि त्यांत येऊं लागलें. ज्यांना नांगर कधींच विकत घ्यावयाचा नव्हता, असे शहरांतले वाचक वर्गणी भरून तें मागवूं लागले. जाहिरातीला लोकांनीं पैसे देऊन घरांत घ्यावें, हा उलटा चमत्कार होता. ‘खबर’ हा शब्द परका म्हणून काढून टाकावा, ही सूचना भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते विनायक दामोदर सावरकर यांनीं केली; ती मानून, पहिलें दशक संपतां संपतां, मासिकाचें नांव नुसतें ‘किर्लोस्कर’ असें झालें. या बदलानेंहि नकळत एक काम साधलें. आतां मासिकाचें नांव आणि मालावरची छाप हीं अगदीं एक झालीं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे निबंध याच मासिकांतून वाचकांपुढें आले. १९३० सालीं ‘स्त्री’ आणि १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं भावंडें निघालीं, आणि नांगराच्या कारखान्याचा तो माळ मराठी वाङ्मयाच्या नकाशावरहि उमटला.

यांत धोका किती होता याची कल्पना आज सहज येत नाहीं. जाहिरातीचा सर्वमान्य नियम असा कीं, घेणाऱ्याला दुखवूं नये. त्याच्या आवडी, त्याच्या समजुती, त्याचा देवधर्म यांना गोंजारीत आपला माल त्याच्या हातीं द्यावा. या मासिकानें नेमकें उलट केलें. अस्पृश्यता, विधवांची स्थिति, बुवाबाजी, मुहूर्त आणि अपशकुन यांविषयीं त्यानें परखड लिहिलें. आणि ज्यांच्याविरुद्ध तें लिहिलें जात होतें त्याच समाजांत नांगर आणि चरक विकावयाचे होते. सनातनी वाचकानें रागावून मासिक फेंकलें तर त्याच्याबरोबर कारखान्याचा मालहि फेंकला जाईल, ही भीति पोकळ नव्हती. लहान कंपनीला असे चार प्रांत रुसले तर पुरे होतात.

तरीहि धंदा बुडाला नाहीं. याचें कारण शोधूं गेल्यास असें दिसतें कीं, एकाच नांवाला दोन निरनिराळे साक्षीदार लाभले होते. शेतकरी मासिक वाचत नव्हता. त्याचा न्याय तासाच्या खोलीवर आणि फाळाच्या टिकाऊपणावर होता. शहरांतला वाचक नांगर धरीत नव्हता. त्याचा न्याय लेखांच्या सचोटीवर होता. पहिल्यानें म्हटलें, हे लोक माल चोख देतात. दुसऱ्यानें म्हटलें, हे लोक मनांत असेल तें बोलतात. दोन्ही साक्षी एकाच नांवावर जमा झाल्या. ज्या माणसानें आपल्या गिऱ्हाइकाला न आवडणारी गोष्ट त्याच्या तोंडावर सांगितली, त्यानें आपल्या मालाबद्दल खोटें सांगितलें नसेल, असा तर्क कोणाहि समंजस माणसाच्या मनांत आपोआप येतो. खुशामतीनें मिळविलेल्या विश्वासापेक्षां हा विश्वास हळू वाढतो, पण त्याला मूळ असतें. उसाचे चरक, पंप, पुढें तेलावर चालणारीं इंजिनें आणि विजेचीं यंत्रें अशा एकामागून एक निघालेल्या मालाला तें नांव आधीं ओळख करून देई. नवीन पंपाला दोन वर्षें दारोदार फिरावें लागलें नाहीं, कारण त्याच्या आधीं नांगर फिरून आला होता. व्यापारी छाप नोंदविण्याचा कायदा हिंदुस्थानांत १९४० सालीं झाला. कायद्यानें नांवाची चोरी रोखतां येते. नांवांत जी पत भरलेली असते ती मात्र कोणत्याहि दप्तरांत नोंदवून मिळत नाहीं.

परंतु इतिहास सांगणाऱ्यानें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ‘खबर’ निघाली ती शेतकऱ्याच्या निमित्तानें. मासिक जसजसें वाढलें, सुबक झालें, विचारांनीं संपन्न झालें, तसतसा त्यांतला शेतकरी मागें सरला आणि शहरांतलें सुशिक्षित कुटुंब पुढें आलें. ज्या माणसाला प्रथम पटवावयाचें होतें, ज्याच्या ‘विष चढतें’ या शब्दांशीं सगळा झगडा होता, त्याच्याशीं बोलावयाला आरंभ केलेली वाणी हळूहळू दुसऱ्याच कोणाशीं बोलूं लागली. यांत फसवणूक नव्हती. जेथें वाचणारे तेथें पत्र, हा सरळ न्याय होता. तरी पण वऱ्हाडच्या कपाशीच्या मुलखांतल्या निरक्षर शेतकऱ्याला या उत्तम मासिकानें प्रत्यक्ष काय दिलें, असा प्रश्न विचारला तर उत्तर थोडक्यांत द्यावें लागतें. त्याच्यापर्यंत पोंचलें तें लोखंडावर ओतलेलें अक्षर, अडत्याची जबान, आणि शेजाऱ्याच्या शेतांत पडलेलें तास. कुंद्याच्या मुळ्या ज्या नांगरानें उपटून वर काढल्या तो त्याला कळला. त्या नांगराच्या नांवानें पुण्या-मुंबईंत कोणत्या चर्चा रंगल्या हें त्याला कळलें नाहीं. आणि वखरहि त्यानें टाकून दिला नाहीं, कारण त्याच्या जमिनीला तो हवाच होता. नव्या औताला त्यानें जागा दिली ती जेथें जुनें औत पुरें पडत नव्हतें तेवढीच. यांतहि त्याचें शहाणपणच दिसतें.

निरक्षराच्या कानांशीं बोलणारी जाहिरात पुढें नभोवाणीनें आणली. १ नोव्हेंबर १९६७ पासून आकाशवाणीच्या विविध भारतीवर मुंबई, पुणें आणि नागपूर येथून व्यापारी जाहिराती सुरू झाल्या, आणि ज्याला अक्षर येत नाहीं त्यालाहि मालाचें नांव गाण्याच्या चालीवर पाठ होऊं लागलें. ही सोय मोठी खरी. पण तीबरोबर जुना प्रश्न नव्या रूपानें उभा राहिला. कानांत शिरणारें नांव आणि विश्वासांत शिरणारें नांव या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिल्यासाठीं पैसा पुरतो. दुसऱ्यासाठीं काळ लागतो.

लक्ष्मणराव १९५६ सालीं आणि शंकरराव १९७५ सालीं निवर्तले. शंकररावांनीं ‘यशस्वी धंद्याचा मार्ग’ या नांवाचें पुस्तक लिहिलें. धंदा ही नुसती पैशाची उलाढाल नसून शिकण्या-शिकविण्याची गोष्ट आहे, ही त्यांच्या सगळ्या उद्योगाची शिकवण होती. या दोघांच्या चरित्रांतून लहान कारखानदाराला घेण्यासारखें जें आहे तें फार थोड्या शब्दांत सांगतां येतें. आपल्या मालाविषयीं लोकांच्या मनांत जी शंका आहे ती हंसून घालवूं नये. तिच्या पोटांतला हिशेब ओळखावा. बोलण्याच्या आधीं माल त्या मातीजोगा करावा. मग बोलावें, नेमानें बोलावें, आणि घेणाऱ्याला शहाणा समजून बोलावें. आणि फाळ मोडला म्हणून माणूस दारांत आला, तर दुसरा फाळ तयार असावा. कारण पहिला नांगर जाहिरात विकते, दुसरा नांगर तो फाळ विकतो.

सोनाळ्यासारख्या गांवांत आजहि यात्रा भरते, बाजार भरतो, आणि दूरदूरच्या कारखान्यांचीं नांवें भिंतींवर, पोत्यांवर आणि डब्यांवर येऊन बसतात. त्यांतलीं कोणतीं टिकतील आणि कोणतीं पुढच्या पावसांत धुऊन जातील, याचा निवाडा आजहि त्याच जुन्या न्यायासनापुढें होतो. तें न्यायासन शेताच्या बांधावर आहे. शेतकरी वस्तू एक हंगाम वापरतो, शेजारी ती पाहतो, आणि दुसऱ्या हंगामाच्या आधीं दोघांचें बोलणें होतें. त्या बोलण्यांत जें नांव आदरानें निघालें तें नांव झालें. बाकीचा सगळा रंग.